तेरा महिन्यांचे वर्ष: दाते पंचांग, शके १९४८

वर्ष किती दिवसांचे, या प्रश्नाला भिंतीवरची दिनदर्शिका तीनशे पासष्ट हे एकच उत्तर देते आणि चार वर्षांतून एकदा त्यात एक दिवस मिळवते. सोलापूरहून निघणाऱ्या दाते पंचांगाला हे उत्तर दरवर्षी नव्याने काढावे लागते. शके १९४६ चे वर्ष ३५५ दिवसांचे होते, शके १९४७ चे ३५४ दिवसांचे, आणि १९ मार्च २०२६ च्या पाडव्याला सुरू होणारे शके १९४८, पराभवनाम संवत्सर, ६ एप्रिल २०२७ पर्यंत, म्हणजे ३८४ दिवस चालते. या वर्षात ज्येष्ठ महिना दोनदा येतो. पंचांगाचा कस अशाच वर्षी लागतो, कारण साध्या वर्षी नुसती तारीख पाहून वेळ निभावते, पण अधिक महिन्याच्या वर्षी कोणते व्रत कोणत्या महिन्यात धरायचे, हे ज्याला त्याला पंचांग उघडूनच पाहावे लागते. म्हणून परीक्षणासाठी मी हेच वर्ष निवडले आहे.

दाते पंचांगाची ओळख करून द्यावी असे महाराष्ट्रात फारसे कोणी नसेल, पण वापरणाऱ्यांपेक्षा नावाने ओळखणारे पुष्कळ अधिक आहेत. लक्ष्मणशास्त्री दाते यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोलापुरात ते सुरू केले, धुंडिराजशास्त्री दाते यांनी पुढे नेले, आणि शंभरी ओलांडल्यावरही ते त्याच घराण्याकडून निघते आहे. पुस्तकाची रचना इतक्या वर्षांत लोकांच्या हाताला बसलेली आहे. एक पक्ष संपला की पुढचा पक्ष, शुद्धानंतर वद्य, आणि प्रत्येक दिवसाला एक आडवी ओळ. त्या ओळीत वार, तिथी आणि ती संपण्याची वेळ, नक्षत्र आणि ते संपण्याची वेळ, योग, करण, चंद्राची रास, सूर्योदय, सूर्यास्त, इंग्रजी तारीख, मुसलमानी तारीख, भारतीय राष्ट्रीय दिनांक आणि शेवटी दिनविशेष. पक्षांच्या पानांखेरीज संवत्सरफल, ग्रहणे, विवाह-उपनयन-वास्तूचे मुहूर्त, गुणमेलनाची कोष्टके असा मजकूर असतो. यांतला मुहूर्तांचा आणि फलादेशाचा भाग मी वापरत नाही, त्यामुळे त्याविषयी मत देत नाही. माझा विषय पंचांगाचा कणा असलेली कालगणना हा आहे.

ही कालगणना कशी चालते ते पाहायचे असेल, तर या वर्षाची पहिलीच ओळ सावकाश वाचावी. गुरुवार, १९ मार्च. त्या दिवशी सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास अमावास्या संपते आणि चैत्र शुद्ध प्रतिपदा लागते. मुंबईत त्या दिवशी सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो, सोलापुरात त्याआधी, नागपुरात त्याहूनही आधी, म्हणजे महाराष्ट्रभर सूर्य उगवताना अमावास्याच आहे. प्रतिपदा संपते दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत, आणि शुक्रवारचा सूर्य उगवतो तेव्हा द्वितीया लागलेली असते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी, हा पंचांगाचा मूळ नियम. या नियमाने प्रतिपदेच्या वाट्याला एकही सूर्योदय आला नाही, म्हणून ती क्षय तिथी ठरली. मग पाडवा कधी? शास्त्रकारांनी याचा विचार आधीच करून ठेवला आहे: प्रतिपदा कोणत्याच सूर्योदयाला नसेल, तर अमावास्येला जोडून येणारा आधीचा दिवस घ्यावा. म्हणून गुढी गुरुवारी उभारायची. ज्यांनी केवळ दिनदर्शिकेतला लाल रंगाचा चौकोन पाहिला, त्यांना या निर्णयाचा पत्ताही लागणार नाही. ज्यांनी पंचांगाची ओळ वाचली, त्यांना वर्ष कोणत्या क्षणी सुरू झाले, ते कोणत्या दिवसाला जोडले गेले आणि का, हे तिन्ही समजते.

त्याच ओळीत डोळे थोडे पुढे सरकवले, तर आणखी मोठी गोष्ट हाती लागते. राष्ट्रीय दिनांकाच्या हिशोबाने त्या दिवशी २८ फाल्गुन १९४७ आहे, म्हणजे सरकारी शकाचे जुने वर्ष संपायला अजून अवकाश आहे आणि १ चैत्र १९४८ उजाडतो तो २२ मार्चला. मुसलमानी गणनेत रमजानचे अखेरचे दिवस चालू आहेत. इंग्रजी वर्षाचा तिसरा महिना अर्ध्यावर आला आहे. बँका आणि कचेऱ्यांचे आर्थिक वर्ष संपण्याच्या घाईत आहे. एका दिवसाच्या एका ओळीवर इतकी वर्षे आपापल्या ठिकाणी उभी आहेत, आणि पंचांग त्यांतल्या कोणालाही खोटे ठरवत नाही किंवा एकमेकांत मिसळूनही टाकत नाही. या एका गुणासाठी हे पुस्तक मला मोलाचे वाटते. वर्ष हे निसर्गाने तयार करून हाती दिलेले माप आहे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात सूर्याचे वर्ष सुमारे ३६५ दिवस ६ तासांचे, चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांचे, आणि या दोन्हींपैकी काहीही पूर्ण दिवसांत बसत नाही. कोणी सूर्य धरला, कोणी चंद्र धरला, कोणी दोघांची सांगड घातली. पंचांग हा त्या सांगडीचा दरवर्षी मांडलेला जमाखर्च आहे.

सांगड कशी घालतात, ते यंदाच्या ज्येष्ठात अगदी स्पष्ट दिसते. दोन अमावास्यांच्या मधल्या काळात सूर्याने रास बदलली नाही, म्हणजे त्या चांद्रमासात संक्रांत आली नाही, की तो महिना अधिक. यंदा वृषभ संक्रांत १५ मे रोजी होते. त्यानंतरची अमावास्या १६ आणि १७ मेच्या मधल्या रात्री दीड वाजता संपते आणि १७ मेपासून नवा महिना धरला जातो. पुढची अमावास्या सोमवार १५ जून रोजी सकाळी ८ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास संपते, आणि सूर्य मिथुन राशीत जातो तो त्याच दिवशी दुपारी. म्हणजे साधारण चार-साडेचार तासांच्या अंतराने संक्रांत या महिन्याच्या बाहेर राहिली आणि महिना अधिक ठरला. सूर्य सकाळी आठच्या आत मिथुनेत गेला असता, तर हा महिना अधिक झालाच नसता आणि पुढचे सणवार दुसऱ्या तारखांना गेले असते. हा सगळा हिशोब अमावास्येच्या आणि संक्रांतीच्या छापलेल्या वेळा शेजारी ठेवून शाळकरी मुलालासुद्धा पडताळता येतो. निष्कर्षाबरोबर आधारही हाती देणारे असे छापील साधन आपल्या घरात दुसरे नसते, आणि या पंचांगाविषयीचा माझा आदर मुख्यतः यामुळे आहे.

अधिक ज्येष्ठात घरोघरी विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत आणि त्यांची उत्तरे पंचांगात नेमकी मिळतात. वटपौर्णिमा कधी? ज्येष्ठ पौर्णिमा दोन आहेत, एक मेच्या अखेरीस आणि एक जूनच्या अखेरीस. व्रत निज ज्येष्ठात, म्हणजे अधिकानंतर येणाऱ्या नेहमीच्या ज्येष्ठात करायचे, म्हणून वटपौर्णिमा २९ जूनला. मग सगळेच निज महिन्यात करायचे का? तर नाही. गंगा दशहरा हा त्याला अपवाद आहे आणि ज्येष्ठ अधिक असेल तर दशहरा अधिक महिन्यातच धरतात. हा बारकावा ज्यांना माहीत नसतो, ते अधिक म्हणजे सरसकट वगळायचा महिना असे समजून चालतात. मंगलकार्ये थांबतात हे खरे, पण धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंड्यांचे जेवण घालण्याची, तेहतीस अनारशांचे वाण देण्याची धांदल काही कमी नसते. तेहतीस या संख्येचा संबंध अधिक महिना साधारण साडेबत्तीस ते तेहतीस महिन्यांनी येतो याच्याशी लावला जातो. मागचा अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३. त्याआधी २०२० साली अधिक आश्विन होता आणि पितृपक्ष संपला तरी नवरात्र महिनाभर आले नव्हते, हे अनेकांच्या लक्षात असेल.

अधिक महिन्यामुळे सण केवढे पुढे जातात, हेही एकदा पाहून घ्यावे. आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती, २०२६ मध्ये ती २५ जुलैला आहे. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला जाते आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. मूर्तिकार, मांडववाले, फटाक्यांचे आणि मिठाईचे व्यापारी, एसटीच्या आणि रेल्वेच्या जादा गाड्यांचे नियोजन करणारे, सगळ्यांचे वर्ष त्यामुळे हलते. शेतकऱ्याचे मात्र हलत नाही. मृग नक्षत्र म्हणजे सूर्याचा मृगात प्रवेश, आणि तो दरवर्षी ७-८ जूनलाच होतो, मग चांद्रमास कोणताही असो. यंदा मृग अधिक ज्येष्ठात निघतो. पावसाची नक्षत्रे सूर्यावर आणि सण चंद्रावर बांधलेले असल्यामुळे, सण हललेल्या वर्षीही मृग-आर्द्राच्या तारखा जागच्या जागी राहतात. पंचांगात या दोन्ही गोष्टी एकाच पानावर दिसतात. सूर्यनक्षत्रांपुढे दिलेली वाहने आणि त्यावरून केलेले पावसाचे भाकीत यांच्यावर मी विसंबणार नाही आणि कोणी विसंबावे असेही मला वाटत नाही, पण नक्षत्र लागण्याची तारीख ही पक्की खगोलीय गोष्ट आहे आणि ती जपून वापरावी.

तुलनेसाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा विचार करावाच लागतो. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केले आणि पंचांगातला रोजच्या उपयोगाचा भाग इंग्रजी महिन्यांच्या चौकटीत आणून बसवला. हे काम फार मोठे होते. पंचांग वाचता येणारा माणूस घरात नसला तरी संकष्टीचा चंद्रोदय गावनिहाय कळू लागला, एकादशी-चतुर्थी बोट ठेवून दाखवता येऊ लागली, सर्व धर्मांचे सण एका कागदावर आले, आणि मागच्या पानांवर वाचायला लेख आणि पाककृती मिळाल्या. दूधवाल्याचा हिशोब आणि गॅसच्या टाकीची तारीखही त्याच चौकोनांत लिहिली जाते. रोजच्या व्यवहारासाठी आजही मी दिनदर्शिकाच सुचवीन. परंतु तिचे वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते, त्यामुळे पौष महिना दोन दिनदर्शिकांत फाटतो आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे वर्ष सलग असे कधी दिसतच नाही. अधिक ज्येष्ठही तिथे मे आणि जून अशा दोन पानांवर वाटला जातो. महिना कुठे सुरू झाला, कुठे संपला आणि त्यात संक्रांत का आली नाही, हे त्या मांडणीत दिसणे कठीणच आहे. हा दोष दिनदर्शिकेचा म्हणता येणार नाही. तिचे काम वेगळे आहे आणि ते ती चोख करते.

पंचांगांपंचांगांतला फरक हा याहून अवघड विषय आहे. महाराष्ट्रात बहुसंख्य पंचांगे, दाते पंचांगही, चित्रा तारका धरून राशिचक्राचा आरंभ ठरवतात. टिळक पंचांग रेवतीपक्षाचे, म्हणजे रेवती नक्षत्रातल्या तारकेपासून मोजणारे आहे. त्याचा आरंभबिंदू सुमारे चार अंशांनी वेगळा, म्हणून त्यातल्या संक्रांती चारएक दिवस आधी येतात. या चार दिवसांचा परिणाम यंदाच्या वर्षावर ताडून पाहण्यासारखा आहे. मिथुन संक्रांत चार दिवस आधी धरली, की ती १७ मे ते १५ जून या महिन्याच्या आत पडते आणि मग हा महिना अधिक ठरू शकत नाही. कोकणात आणि पुण्यात टिळक पंचांग पाळणाऱ्या काही घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसतात, त्याचे कारण हेच. शेजाऱ्यांना त्याचे नवल वाटते, काहींना तो हट्ट वाटतो. पण दोन्ही बाजूंचे गणित शुद्धच आहे. वाद आहे तो मोजणी कोठून सुरू करायची याचा.

या वादामागे मराठी माणसांनी केलेल्या कामाचा मोठा इतिहास आहे. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव रचले आणि ज्या-कोज्यांची कटकट टाळून ग्रहगणित इतके सोपे केले, की पुढे काही शतके पंचांगे त्यावरच चालली. काळ गेला तशी गणित आणि आकाश यांत तफावत पडत गेली आणि ग्रहणाच्या वेळा चुकू लागल्या. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून नव्या वेधांवर, म्हणजे आकाशाच्या प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेले पंचांग काढायला सुरुवात केली, ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा प्रश्न हाती घेतला, त्यासाठी परिषदा भरल्या. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि वेंकटेश बापूजी केतकर या ज्योतिर्गणिताच्या अभ्यासकांनी या विषयात जन्म घालवला. आज आपण पंचांगात ग्रहणाची वेळ पाहून छतावर जातो आणि त्या मिनिटाला ग्रहण लागलेले दिसते, ते या मंडळींच्या खटपटीचे फळ आहे. यंदाच्या शकात भारतातून दिसणारे आणि पाळण्याजोगे ग्रहण नाही. ऑगस्टमधले सूर्यग्रहण आणि चंद्रग्रहण दोन्ही आपल्याकडून दिसणार नाहीत, हेही आधी कळणे उपयोगाचेच आहे, कारण ग्रहणाच्या नावाखाली फिरणारे संदेश त्यामुळे बाजूला सारता येतात.

स्वतंत्र भारतात १९५२ साली खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षी ३१, वैशाख ते भाद्रपद प्रत्येकी ३१ आणि उरलेले महिने ३० दिवसांचे, अशी तिची सुटसुटीत मांडणी आहे. यात अधिक महिना नाही, क्षय तिथी नाही, गावागणिक फरक नाही. वर्षाचा आरंभ वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होण्याच्या वेळेला जोडलेला, त्यामुळे ऋतू महिन्यांतून निसटत नाहीत. हे वर्ष मला मनापासून आवडते आणि ते राजपत्रांच्या आणि सरकारी कागदांच्या डोक्यावरच अडकून राहिले याचे वाईट वाटते. दाते पंचांगात त्याला रोजच्या ओळीत जागा आहे. ज्यांना सवय करायची असेल त्यांनी घरच्या वहीत महिनाभर तो दिनांक लिहून पाहावा.

ऋतू निसटण्याचा मुद्दा पंचांगाच्या दृष्टीने गंभीर आहे आणि इथे मला पंचांगाविषयी तक्रार नोंदवावीशी वाटते. तारकांच्या संदर्भाने सूर्याची एक फेरी ऋतुचक्रापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लांब असते. ही वीस मिनिटे साठत जाऊन साधारण एकाहत्तर वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकर संक्रांतीच्या दिवशी झाला, आणि आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. संक्रांत म्हणजे उत्तरायणाचा आरंभ असे आपण म्हणतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. निरयन, म्हणजे तारकांच्या संदर्भाने चालणारी गणना पाळणाऱ्या कोणत्याही पंचांगाला हे लागू आहे. पंचांगांनी गणनाच बदलावी अशी माझी मागणी नाही, कारण त्याने कोट्यवधी लोकांचे सण हलतील. परंतु जे पुस्तक घरोघरी जाते, त्यात या फरकाचा एक पानभर सोपा खुलासा ठळकपणे असावा, असे मला कळकळीने वाटते. फलादेशाला जेवढी जागा मिळते, तिच्या काही अंशानेही हे काम होईल.

दुसरी उणीव स्थळाची. छापील पंचांगातले सूर्योदय-सूर्यास्त आणि त्यावरून ठरवलेले तिथिनिर्णय आपल्या भागापुरते असतात, आणि पंचांग परदेशी गेले की अडचण होते. यंदाचाच पाडवा घ्या. गुजरातच्या टोकाला द्वारकेत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तिथे १९ मार्चच्या सूर्योदयाला प्रतिपदा लागलेली आहे आणि तिचा क्षय होत नाही. लंडनला तीच प्रतिपदा मध्यरात्रीनंतर लागते आणि सूर्योदयाला असते. सिडनीत ती १९ मार्चला भर दुपारी लागून २० मार्चच्या सकाळपर्यंत राहते, म्हणून सूर्योदयाचा नियम तिथल्या सूर्याला लावला तर गुढी २० तारखेला उभारायला हवी. सिडनीतल्या मराठी कुटुंबाने सोलापूरचे पंचांग पाहून वेळेत नुसती साडेपाच तासांची भर घातली, तर निर्णय चुकतो. तिथी हा आकाशातला क्षण सगळीकडे एकच असतो, पण तिथीचा दिवस गावचा सूर्योदय ठरवतो. परदेशी राहणाऱ्यांनी म्हणून स्थळ निवडता येणारे मोबाईलवरचे पंचांग वापरावे, निदान निर्णयापुरते. त्यातून हिशोबाची सलग मांडणी मात्र मिळत नाही. एका वेळी एकच दिवस पडद्यावर दिसतो आणि पक्षाचे अखंड पान डोळ्यांसमोर येत नाही.

छपाईविषयी थोडेसे. रकाने दाट, अक्षर बारीक आणि संक्षेप पुष्कळ. तिथी, नक्षत्र, योग आणि करण यांची आद्याक्षरे ओळखू येईपर्यंत नवख्याला काही दिवस जातात. ज्येष्ठांना भिंगाशिवाय वाचणे त्रासाचे होते, आणि पंचांग सर्वांत जास्त हाताळणारे ज्येष्ठच असतात. एवढी माहिती एका ओळीत बसवायची तर अक्षर लहान होणारच, हे मान्य केले तरी पक्षांची पाने मोठ्या अक्षरात आणि बाकीचा मजकूर वेगळ्या पुस्तिकेत, अशी योजना कोणत्याही पंचांगकर्त्याने केली तर वाचक दुवा देतील. जे नव्याने वाचायला बसतील त्यांनी सुरुवातीला फक्त चार रकाने पाहावेत: वार, तिथी, तिथी संपण्याची वेळ आणि सूर्योदय. या चारांवर क्षय, वृद्धी (एकच तिथी दोन सूर्योदयांना असणे), एकादशी स्मार्त की भागवत (वैष्णवांनी पाळायची), हे सगळे उलगडू लागते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकण्याचा काळ, आणि चंद्राची चाल कमीजास्त होत असल्याने तो कधी एकोणीस-वीस तासांचा तर कधी सव्वीस तासांपर्यंत असतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

संवत्सराच्या नावाविषयी अनेकजण विचारतात म्हणून लिहितो. पराभव हे साठ संवत्सरांच्या चक्रातले चाळिसावे नाव आहे, विश्वावसूनंतर ते येणारच होते आणि त्यानंतर प्लवंग येईल. शके १९४८ मध्ये बारा मिळवून साठाने भागले की बाकी चाळीस उरते, इतके ते सरळ आहे. नर्मदेच्या उत्तरेला हेच चक्र गुरूच्या गतीला धरून चालवतात आणि तिथे या वर्षाचे नाव वेगळे आहे. तेव्हा नावाने मन खट्टू करून घेण्याचे काही कारण नाही. विक्रम संवताचेही तसेच. उत्तरेत संवत २०८३ चैत्रात लागतो, गुजरातेत तो दिवाळीच्या पाडव्याला, १० नोव्हेंबरला, लागतो, आणि मुंबईतले गुजराती व्यापारी वह्यापूजन करतात ते त्या वर्षाचे.

कोणी घ्यावे, तर ज्या घरात व्रतवैकल्ये पाळली जातात त्यांच्याकडे ते बहुधा असतेच. मी ते शाळेत भूगोल आणि गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना, आकाशदर्शनाची आवड असणाऱ्या मुलांना आणि जुनी कागदपत्रे, मोडीतले दस्तऐवज वाचणाऱ्या अभ्यासकांना आग्रहाने सुचवतो. दस्तऐवजावरची तिथी इंग्रजी तारखेत आणायची, तर त्या वर्षी अधिक महिना होता का, तिथीचा क्षय झाला होता का, हे आधी पाहावे लागते, आणि चालू वर्षाचे पंचांग हाताशी धरून ती सवय उत्तम लागते. शके १९४८ ची प्रत घेतलीत, तर ती वर्ष संपल्यावर रद्दीत देऊ नका. १९ मार्चची आणि १५ जूनची ओळ असलेली दोन पाने क्षय तिथी आणि अधिक मास शिकवायला पुढची कित्येक वर्षे वर्गात उपयोगी पडतील, आणि शके १९४९ च्या साध्या, बारा महिन्यांच्या वर्षाशेजारी ती ठेवली की फरक फळ्यावर न लिहिताही दाखवता येतो.